दोन दिवसांनी भाऊ येईल

डोळे उघडले तेव्हा कपाळावर ओलं फडकं होतं आणि कुणीतरी माझ्या तळपायांना कांदा चोळत होतं. वर पत्रा, बाजूला तुराट्यांचा कूड आणि तोंडावर वाकलेला एका म्हातारीचा चेहरा. मी उठायला गेलो तर तिनं छातीवर हात ठेवून खाली दाबलं.

"पड गप. वैशाखाचं ऊन हाय, डोक्याला टॉवेल न्हाई का टोपी न्हाई, आन् निघालाय माळ तुडवत. कुणी शिकवलं तुला?"

"पाणी," मी म्हणालो.

"पाणी न्हाई. आधी ह्ये पी." तिनं तांब्या तोंडाला लावला. कैरीचं पन्हं होतं, गूळ आणि मीठ घातलेलं. "घोट घोट घे. घाई केलीस तर उलटून पडंल."

करंजवाडीला जाणाऱ्या एसटीचा पाटा फाट्यापाशी तुटला होता. ड्रायव्हर-कंडक्टर चिंचेखाली पाय पसरून बसले. दुसरी गाडी उद्याच, असं त्यांनी सांगून टाकलं. एक वऱ्हाडाची जीप आली, तिला चौघंजण लटकून गेले. मला काही जागा झाली नाही. माळामाळानं गेलं तर चार कोस, असं कुणीतरी म्हणालं आणि मी चालू लागलो. अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढं काजवे चमकले एवढं आठवतं. शेरडं घेऊन परतणाऱ्या दगडूबानं, म्हणजे या म्हातारीच्या नवऱ्यानं, मला बांधावर पालथा पडलेला पाहिला आणि पाठीवर टाकून वस्तीवर आणलं. माणूस साठीच्या पुढचा. मी तेव्हा ऐन पंचविशीतला, दूध डेअरीत कॅन उचलणारा गडी. माझं वजन त्यानं कसं पेललं असेल देव जाणे.

माळावर ते एकच घर होतं. म्हातारीचं नाव केसरबाई. तिनं तिची बाज मला दिली. दिवस कलताना तिनं चुलीवर मऊ भात टाकला आणि ताकाची कढी केली. तांदूळ डब्याच्या तळातून खरवडून काढताना मला दिसली. त्या घरात भात सणालाच शिजत असावा.

"मावशी, मला भाकरी चालली असती," मी म्हणालो.

"तुला चालंल, तुझ्या पोटाला चालायला पाहिजे ना. खा."

मी कोण, कुठला, कोणत्या जातीचा, यातलं काही तिनं विचारलं नाही. दगडूबा दारात बसून चिलीम भरत होता. त्यानंच विचारलं, "जायचं कुठं व्हतं?"

"करंजवाडीला. पाहुणे आहेत तिथं."

चिलमीवरचा त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि पुन्हा तंबाखू दाबायला लागला.

करंजवाडीला माझी थोरली बहीण दिलेली होती, शालन. आदल्या वर्षीच्या वैशाखात ती विहिरीत पडून गेली. पाणी शेंदताना पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं आणि आम्हीही तेच धरून बसलो. दुसऱ्या दिवशी तिचं वर्षश्राद्ध होतं. वडिलांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. आई म्हणाली, मला ते घर बघवणार नाही. म्हणून मी एकटा निघालो होतो. शालनची चार वर्षांची पोर, छकी, तिथंच होती, तिलाही बघायचं होतं. पण हे सगळं त्या म्हातारा-म्हातारीला सांगायचं जिवावर आलं. ज्यांनी नुकतं पन्हं पाजलं, त्यांच्यापुढं मरणाची गोष्ट काय काढायची?

केसरबाईच्या तोंडावर मात्र करंजवाडीचं नाव ऐकून एकदम उजेड आला.

"करंजवाडीला आमची एक लेक हाय बरं का!"

"तुमची?"

"पोटची न्हाई. पर लेकच म्हण. गेल्या साली पाडवा झाल्यावर आली बघ, अशीच उन्हाची. काखंला लेकरू. पायात चप्पल न्हाई. पायाची कातडी सोलून निघालेली. शालन तिचं नाव."

घास माझ्या हातातच राहिला.

"म्हायेरला निघाली व्हती," ती सांगत होती. "फाट्यावर एसटी धरायची म्हणून चार कोसांची वाट धरली आन् अर्ध्यात आमच्या दारात बसली. उठंचना. पाठ उघडी करून बघती तर काय, सगळे वळ. काळेनिळे. मी हळद-तेल लावलं, निजवलं. दोन-तीन दिस राहिली. पर हाताला काम पाहिजे तिला! उठली की अंगण झाड, उठली की शेरडाला पाला टाक. मी म्हणायची, अगं बस की. तर म्हणायची, मावशी, बसलं की दुखतं."

हे बोलणं शालनचंच होतं. मला तिचा आवाज ऐकू आला.

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मग काय, ह्ये गेले सायकलीवर मोठ्या गावाला. तिच्या म्हायेरच्या गावात दुकानात फोन हाय, तिला त्याचा नंबर तोंडपाठ. ह्यांनी लावला. आईशी बोलणं झालं तिच्या. आई म्हणली, दोन दिवसांनी भावाला धाडते न्यायला, तवर तिला सासरी सोडा. मग ह्यांनीच बैलगाडी जुंपली आन् नेऊन सोडली. सासऱ्याकडून बोल घेतला, पुन्हा हात लावणार न्हाई म्हणून. आता नांदत आसंल सुखानं. भाऊ आला आसंल, चार दिस म्हायेरपण करून आणली आसंल." मग ती नवऱ्याकडं वळली. "न्हाई का वो?"

"आता झोपू दे त्याला," दगडूबा म्हणाला.

मला तशा फोनची कुणी एका शब्दानं कल्पना दिली नव्हती. तिला आणायला जा म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. शालन त्या काळात घर सोडून निघाली होती, हेच मला त्या क्षणी कळत होतं. भात गिळला, हात धुतले आणि भिंतीकडं तोंड करून पडलो.

सकाळी दगडूबानं बैल जुंपले. "चालत कुठं जातोस? सोडतो मी."

निघताना केसरबाईनं ट्रंकेतून एक खण काढला, हिरवा, नारायणपेठी काठाचा. माझ्या हातात देऊन म्हणाली, "शालनला दे. लेक जेवून गेली, पर गडबडीत ओटी भरायची राहिली. लई मनाला लागून राहिलंय बघ. सांग तिला, मावशीनं आठवण काढली. आन् म्हणावं, येकदा लेकराला घेऊन ये."

मी मान हलवली. तिच्या पाया पडलो तेव्हा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, तळव्यांच्या चिरा शर्टातून टोचल्या.

दगडूबानं गाडी माळावरून खाली उतरवली. वस्ती नजरेआड झाली तशी त्यानं कासरा सैल सोडला.

"तू उत्रेश्वर ना?"

मी दचकून त्याच्याकडं पाहिलं.

"करंजवाडी म्हणलास तवाच वळखलं. तोंडावळा तोच हाय. आन् ती सारखं तुझंच नाव घ्यायची. माझा उत्रेश्वर यील, माझा उत्रेश्वर यील."

"बाबा, शालन..."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "दहाव्याला गेलतो. लांब हुबा राहिलो. केसरला सांगितलं न्हाई. तिला लेकरूबाळ न्हाई. ती पोर दोन दिस राहिली तर वर्षभर तिच्याच गोष्टी करतीय. तिला काय सांगू? आपण खाऊ-पिऊ घालून, तेल लावून, मरायला नेऊन घातली म्हणू?"

बैल आपल्या चालीनं चालत होते. मी खण मांडीवर धरून बसलो होतो.

"आईनं काय सांगितलं होतं, बाबा? मला खरं सांगा."

"काय करतोस ऐकून?"

"सांगा."

तो बोलायला लागला, माझ्याकडं न बघता.

"आधी एका माणसानं उचलला फोन. त्यानं बोलवून आणलं तुझ्या आईला. मी सगळं सांगितलं, तुमची लेक अशी अशी आली हाय, न्यायला या. तर ती दबक्या आवाजात म्हणली, आज आमच्या घरी सुपारी हाय पोराची. पावणे बैठकीत बसलेत. आजच्या दिवशी भांडून आलेली लेक दारात हुबी राहिली तर सोयरीक मोडंल. मी म्हणलो, बाई, तिच्या पाठीवर वळ हायती. तर म्हणली..."

"काय म्हणली?"

"म्हणली, कुणाच्या पाठीवर न्हाईत?"

गाडीचं चाक दगडावर चढून खाली आदळलं.

"म्हणली, परक्याच्या घरी ठेवू नका, नाव खराब हुईल. सासरी नेऊन घाला. दोन दिवसांनी भावाला धाडते. मी परत आलो. पोरीला त्यातलं भाऊ येईल एवढंच सांगितलं. तिनं पदर खोचला आन् भांडी घासाया बसली. सगळी भांडी घासली, घासलेली बी पुन्हा घासली."

माझी सुपारी! चैत्रातला तो दिवस मला लख्ख आठवला. अंगणात मांडव, पेढ्यांची खोकी, माझ्या होणाऱ्या बायकोचे, वैजयंताचे, वडील आणि मामा भिंतीला टेकून बसलेले. मी नवीन शर्ट घालून मधे. शालन का आली नाही, असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली होती, तिच्या घरी सासू आजारी आहे. आणि तेवढं बोलून पाहुण्यांना सरबत द्यायला गेली होती. महिनाभरानं शालन गेली. लग्न पुढं ढकलू, असं मी म्हणालो, तर दिलेली लेक, आपल्याला सुतक तीनच दिवसांचं, म्हणून आईनंच तारीख धरून ठेवली होती.

"मी ठेवून घ्यायला पाहिजे व्हती तिला," दगडूबा म्हणाला. "पर परक्याची लेक. आईच न्हाई म्हणली तर मी कोणत्या हक्कानं ठेवू?"

त्याला काहीतरी बोलावं, तुमचा दोष नाही म्हणावं, असं मला वाटत होतं. मी खणाची घडी पुन्हा नीट केली.

करंजवाडीच्या शिवेवर त्यानं बैल थांबवले.

"मी हितून माघारी जातो. त्या दारात पाय ठेवायचा न्हाई मला. दहाव्याला बी मला बघून लोकं बोलत व्हती, ह्याच्याच घरी राहिली व्हती म्हणून. तिला बी तेच टोचून खाल्लं त्यांनी. कुणाच्या घरी निजून आलीस म्हणून. आमच्या घरची भाकर तिच्या अंगावर आली, पोरा."

"हा खण?"

"लेकीला दे तिच्या. मोठी झाली की घालील."

त्यानं गाडी वळवली. मागं वळून एकदाही बघितलं नाही.

शालनच्या सासरी अंगणात पंगत बसली होती. धर्मराजची, म्हणजे माझ्या मेव्हण्याची, नवी बायको वाढत होती. शालनचा फोटो पाटावर, त्याला झेंडूचा हार. तिचा सासरा, तात्या, मोठ्यानं म्हणाला, "या पाव्हणं, उशीर केला. हातपाय धुवा, बसा पानावर."

मी बसलो नाही. धर्मराजला गोठ्याकडं बाजूला घेतलं.

"शालन माळावरच्या वस्तीवर जाऊन राहिली होती?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. त्याला राग आला नाही, हेच मला जास्त लागलं. त्याला जणू बरं वाटलं, कधीतरी हा विषय निघणार होता, तो निघाला.

"होती. सगळ्या गावाला माहीत हाय."

"तिला किती मारलं होतंत?"

"मारलं असंल. घरोघरी होतं," तो म्हणाला. "पर उत्रेश्वर, मला सांग, तिनं निरोप धाडला तवा तुमच्याकडून कोण आलं? आम्ही दोन दिस वाट बघितली. तात्या म्हणत होते, भाऊ येतोय, नीट बोला, हात जोडा. चार दिस बघितली. आठ दिस बघितली. मग आम्हाला कळलं, हिच्या मागं कुणी न्हाई." त्यानं धोतराला हात पुसले. "माझ्या अंगावर येण्याआधी तुझ्या घरात विचार."

मला त्याच्या तोंडात मारायची होती. मी हात उचलला नाही, कारण तो खरं बोलत होता आणि मारून ते खोटं होणार नव्हतं. मी म्हणालो, छकीला नेतो. कायमची. मला वाटलं, वाद होईल. तो फक्त म्हणाला, "न्ह्या. हिलाबी दिवस गेलेत. दोन दोन कुठं सांभाळील?" नव्या बायकोनं तिथल्या तिथं पोरीचे चार कपडे पिशवीत भरून दिले. छकी माझ्या कडेवर आली तेव्हा तिनं रडून-बिडून काही दंगा केला नाही. लहान पोरं परक्याकडं येताना रडतात. ही रडली नाही.

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर गहू निवडत होती. छकीला बघितलं आणि सूप टाकून धावली. पोरीला छातीशी धरून मोठ्यानं रडायला लागली, "माझ्या शालनची खूण गं, माझ्या शालनची खूण!" आण्णा, माझे वडील, आतून काठी टेकत आले. वैजयंता, माझी बायको, सातव्या महिन्याची, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई," मी म्हणालो, "माझ्या सुपारीच्या दिवशी दुकानात फोन आला होता?"

आईचं रडणं बंद पडलं. एखाद्यानं नळ फिरवावा तसं.

"कसला फोन?" आण्णांनी विचारलं. त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं की त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

आईनं मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर शरमेचा मागमूस नव्हता. तिथं राग होता.

"मग काय करायला पाहिजे होतं मी? सांग ना! वैजयंताचे वडील बैठकीत बसलेले. आधीच तुझ्या दोन सोयरिकी मोडलेल्या. त्या वेळेला ती दारात रडत आली असती तर उठून गेले असते ना ते? कुणासाठी केलं मी? तुझ्यासाठीच ना?"

"दोन दिवसांनी भावाला पाठवते म्हणालीस. मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते," आई म्हणाली. "मग बस्ता निघाला. मग पत्रिका. मग तुझ्या आत्याचं रुसणं-फुगणं. म्हटलं, लग्न झालं की पाठवू. राहूनच गेलं."

आण्णा हळूहळू खाली बसले, काठीसकट. मग वैजयंता पुढं आली. तिनं आईच्या मांडीवरून छकीला उचललं, स्वतःच्या फुगलेल्या पोटाच्या वर टेकवलं आणि आत घेऊन गेली. आईनं पोरीला धरून ठेवायचा प्रयत्न केला. वैजयंतानं तिची बोटं एकेक करून सोडवली. एवढं झालं. भांडण नाही, शब्द नाही.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. वैजयंतानं तिचं सगळं केलं, अगदी शेवटी अंथरुणातलंसुद्धा, पण तिच्याशी कामापुरतं सोडून बोलली नाही. आण्णा त्याच पावसाळ्यात गेले. केसरबाईला भेटायला मी एकदा गेलो होतो, छकीला घेऊन. शालनचं विचारलं तर काय सांगायचं, हे वाटेभर ठरत नव्हतं. वस्तीला कुलूप होतं. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं सांगितलं की म्हातारा गेला आणि म्हातारीला तिचा भाचा घेऊन गेला, कुठं ते ठाऊक नाही.

आईकडं गावातल्या बाया, पाहुण्या येऊन बसत. कुणीतरी शालनचा विषय काढायचं. मग आई पदर डोळ्याला लावायची आणि सांगायची, "काय करू बाई, पोर सोशिक होती. एका शब्दानं सांगितलं नाही गं तिनं. एक शब्द जरी टाकला असता ना, तर धावत जाऊन आणली असती."

बाया हळहळायच्या. चहाचे कप घेऊन आलेली, आता मोठी झालेली छकी दारात थांबायची, आजीचं बोलणं पुरं होऊ द्यायची, आणि मग सगळ्यांत आधी कप आजीच्या हातात द्यायची. छकीला सगळं माहीत होतं.